अर्ध्या चढावर बंद कर

"हवा वाढवली, तर ताकद कमी कशी होते, तेवढं सांगा."

विनेश पडवळने गाडी थेट उस्तादांच्या खाटेला टेकवली आणि खाली उतरायच्या आधीच हे विचारलं. नमस्कार नाही, सलाम नाही, 'बसू का' नाही.

उस्ताद कादिर तांडेल कलिंगड खात होते. खात राहिले.

कोंडशेतच्या किनाऱ्यावर या माणसाला न ओळखणारं इंजिन नाही. उभा जन्म होड्यांच्या इंजिनांत गेला. हल्ली ते हाताने काही करत नाहीत, नुसते ऐकतात. खाटेवर पडल्या पडल्या, समुद्रात ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या होडीचा आवाज ऐकून सांगतात, "धोंडूच्या इंजिनात पाणी गेलंय, आणि धोंडू बायकोशी भांडून निघालाय." दोन्ही खरं निघतं. दुसऱ्याची खात्री मी धोंडूच्या घरी जाऊन करून घेतली आहे.

"ऐकताय ना, उस्ताद?"

"गाडी ऐकतोय. तू मध्ये बोलतोस."

गाडी म्हणजे पर्यटकांना वाळूत फिरवायची एटीव्ही. चार फुगीर चाकं, मध्ये इंजिन, वर विनेश. तिचा जुना सायलेन्सर काढून त्याने मोकळ्या घशाचा नवा बसवला होता. हवेचा बंदिस्त डबाही काढला होता आणि त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर. कारखान्यातून गाडी नाकाला रुमाल बांधून येते, असं त्याचं म्हणणं. त्याने रुमाल सोडला.

गाडीने वाऱ्यासारखं पळायला हवं होतं. ती खोकायला लागली.

अंगठ्याने रेस दाबली की मध्येच दम तुटायचा. रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके. गावातल्या कुत्र्यांनी दिवाळी समजून खाटांखाली जागा धरल्या होत्या.

आणि गुढीपाडवा तोंडावर आला होता.

पाडव्याचं महत्त्व कोंडशेतला वेगळं आहे. त्या दिवशी दुपारी सगळे एटीव्हीवाले हत्तीपाठ नावाचं वाळूचं टेकाड चढतात. जो पहिला माथ्यावर, त्याची गाडी वर्षभर किनाऱ्यावर उतरणाऱ्या पायऱ्यांशी उभी राहते. पर्यटक पायऱ्या उतरून येतात आणि समोर दिसेल त्या गाडीत बसतात. बाकीच्यांनी त्यांच्या पाठी बघाव्यात.

विनेशची जागा पार टोकाला, खाडीच्या तोंडाशी, सुकत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी. तिथवर पर्यटक पोचतात ते वाट चुकलेले, नाहीतर सर्दी झालेले.

या वर्षी तरी पायऱ्यांशी जागा मिळाली नाही, तर त्याला गाडी विकून मुंबईला कुठेतरी पहारेकरी म्हणून उभं राहावं लागणार होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

"एक आधीच सांगतो," विनेश म्हणाला. "लोक म्हणतात, मान वाकवल्याशिवाय तुम्ही कोणाला काही शिकवत नाही. मी वाकवणार नाही."

"नकोच वाकवू. टक्कल दिसतं. मग मला हसू येतं."

विनेशचा हात डोक्याकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

उस्तादांनी कलिंगडाचं साल कोंबड्यांपुढे टाकलं, लुंगीला हात पुसले आणि उठले.

"चालू कर."

विनेशने चालू केली.

"दाब अंगठा."

गाडी धापा टाकायला लागली. उस्ताद वाकले आणि त्यांनी आपला तळवा फिल्टरवर ठेवला. निम्मं तोंड झाकलं.

खोकला थांबला. इंजिन एका सुरात, भरदार आवाजात बोलायला लागलं.

त्यांनी हात काढला. खोकला. हात ठेवला. सूर.

विनेश खाली वाकला.

"तोंड दाबलं की बोलते?"

उस्ताद खाटेवर जाऊन बसले.

"कळलं!" विनेश ओरडला. "फिल्टरला चिकटपट्टी गुंडाळतो. अर्ध्यापर्यंत!"

कोंडशेतला चिकटपट्टी हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे. फुटका आरसा, फाटकी सीट, गळकी टाकी. मागे एकदा पडलेल्या गिऱ्हाइकाचा गुडघाही तिनेच बांधला होता. तो पुण्याला जाईपर्यंत टिकला, म्हणतात.

"गुंडाळ," उस्ताद म्हणाले. "आणि सायलेन्सरमध्ये बनियन कोंब."

"मग नवीन बसवला कशाला?"

"तेच विचारतोय. तू तिचं नाक मोकळं केलंस," उस्ताद म्हणाले. "घसा मोकळा केलास. छाती भरून श्वास घ्यायला लागली बिचारी. आणि ताटात भात तेवढाच."

विनेशने गाडीकडे बघितलं. मग कार्बोरेटरकडे. बराच वेळ.

"पेट्रोल कमी पडतंय," तो हळूच म्हणाला. "हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. जेट मोठं हवं."

जेट म्हणजे कार्बोरेटरच्या पोटात बसणारा पितळेचा तुकडा. चण्याएवढा. त्याला आरपार केसाएवढं भोक. त्यातून मावेल तेवढंच पेट्रोल इंजिनाला मिळतं. भोक केवढं आहे, ते जेटच्या अंगावर कोरलेल्या नंबरावरून कळतं.

"कुठल्या नंबराचं घालू, उस्ताद?"

उस्तादांनी उशाखालून तंबाखूचा जुना डबा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. आत जेट होती. लहानमोठी, ढीगभर. विनेशने एक उचललं, फिरवून बघितलं. दुसरं उचललं. तिसरं.

"यांचे नंबर कुठे गेले?"

"घासले."

"कोणी?"

"कानशीने."

"पण का?"

"लोक नंबर विचारतात म्हणून."

"हा शुद्ध वेडेपणा आहे."

"आहे."

"पाडवा आलाय, उस्ताद!"

"मग माझ्या अंगणात काय करतोस?"

विनेश डबा घेऊन गेला. जाताना फाटक आपटलं. बिजागरी निखळली आणि उस्ताद म्हणाले, "तिला चिकटपट्टी चालेल."

*

त्याने जेट उन्हाला धरून भोकं बघितली, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावली. एकेक बसवलं. एकाने काळा धूर, एकाने पुन्हा खोकला. एक मात्र असं बसलं की दारात स्टँडवर उभ्या उभ्या गाडी गायला लागली. शेजारपाजारचे टाळ्या वाजवून गेले.

विनेश टेकाडावर जाऊन आला, घरी येऊन पाना घेतला, इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढला आणि पळत उस्तादांकडे.

प्लग काय सांगतो, हे किनाऱ्यावर शेंबड्यालाही ठाऊक आहे. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काळा पडला तर जास्त, बिस्किटाच्या रंगाचा असला तर जमलं.

"बघा! बिस्किट!"

उस्तादांनी प्लग डोळ्यांजवळ नेला.

"रंग छान आहे. कुठला आहे?"

"कुठला म्हणजे? हत्तीपाठ चढून आलो."

"आणि प्लग कुठे काढलास?"

"घरी. पाना घरी होता."

"मग हा घरी येतानाचा रंग," उस्ताद म्हणाले आणि प्लग परत दिला. "सपाट रस्ता, चहाची तलफ. यात चढ कुठाय?"

"चढावरचा रंग आता चढावरच राहिला!"

"जा. घेऊन ये."

"कसा आणू?"

"ऐन चढावर, अंगठा पुरता दाबलेला असताना, लाल बटण दाबायचं. इंजिन जागच्या जागी मेलं पाहिजे. ब्रेक लाव. तिथेच प्लग काढ, तिथेच बघ."

"अर्ध्या चढावर बंद करू? सगळ्यांसमोर?"

"चढायचं असेल तर."

हे बोलणं ऐकायला सोपं आहे. हत्तीपाठीवर ज्याची गाडी अर्ध्यात बंद पडते, त्याला वर्षभर कासव म्हणतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. एका कासवाने या नावापायी गाव सोडलं आणि तो गेला त्या गावातही लोक त्याला कासवच म्हणाले. कोणी कळवलं, ते मी सांगणार नाही.

"दुसरा काही उपाय?"

"आहे. खाडीचा वास चांगला असतो म्हणे. झोप लागते."

विनेशने पाना खिशात घातला.

*

पहिल्यांदा त्याने गाडी बंद केली, तेव्हा अख्खा किनारा थांबला.

पायऱ्यांशी सुहास ठोंबरे बसला होता. पायऱ्यांची जागा गेली कित्येक वर्षं त्याची. उस्तादांचा जुना चेला. त्यांनी 'बस' म्हटलं की बसायचा, 'ऊठ' म्हटलं की आधी 'हो' म्हणायचा आणि मग उठायचा. विनेशने नवा सायलेन्सर आणि फिल्टर बसवल्याचं कळताच त्यानेही दुसऱ्या दिवशी तेच बसवून घेतलं होतं.

"काय रे कासवा!" त्याने खालून हाक दिली. "अंडी घालायला थांबलास का?"

हशा झाला.

विनेश ओल्या फडक्यात तापलेला प्लग धरून बघत होता. पांढरट.

"पाडव्याला ये," तो वरूनच ओरडला. "पिल्लं दाखवतो."

खाली आला. जेट बदललं. पुन्हा चढला. पुन्हा ऐन चढावर लाल बटण. पुन्हा हशा. बोटं भाजली. फडकं जळालं. मग सदऱ्याची बाही फाडली.

सकाळी चढला, उन्हात चढला, वारा पडल्यावर चढला. कधी पायथ्याशी बंद केली, कधी मध्यावर, कधी वरच्या वळणावर, जिथे वाळू पिठासारखी होते आणि माथा हाताच्या अंतरावर दिसतो. तिथे बंद करणं त्याच्या जिवावर यायचं. तरी केली.

हसणारे हसून दमले. मग एकेक जण गप्प बसून बघायला लागला. सुहासही बघायचा, पण नारळपाणी पीत, म्हणजे बघतोय असं वाटू नये म्हणून.

*

पाडव्याला सकाळी दारोदार गुढ्या उभ्या होत्या. विनेश उस्तादांच्या अंगणात आला तेव्हा गाडी खोकत नव्हती. फटाक्यांचा मागमूस नव्हता. कुत्री उन्हात आरामात पसरली होती.

त्याने प्लग पुढे केला. बिस्किट. जरासं भाजलेलं.

"कुठला?" उस्तादांनी विचारलं.

"चढावरचा. आजच्या सकाळचा."

उस्तादांनी मान डोलवली. "सकाळच्या हवेला छान. पण शर्यत दुपारी. ऊन चढलं की हवा विरळ होते. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे जास्तच झालं. याच्यापेक्षा एक बारीक घाल. ऐकलंस ना?"

"सुहासला काय सांगितलंत?"

"हेच."

"त्याने घातलं?"

"का म्हणूनही विचारलं नाही."

"…म्हणजे पायऱ्यांशी त्यालाच ठेवायचंय तुम्हाला."

उस्ताद दाढी कुरवाळत राहिले. वर गुढीवरचा गडू वाऱ्याने हलला.

"हवा विरळ होते, कबूल," विनेश म्हणाला. आवाज चढला होता, पण तो स्वतःला आवरत होता. "पण दुपारी वाळूही सैल होते. सकाळी वरच्या वळणावर मी अंगठा जरा सोडतो, तरी चालतं. दुपारी सोडला की रुतलो. शेवटपर्यंत दाबून धरावा लागतो. काल दुपारी मी तिथेच बंद केली होती. प्लग पांढऱ्याकडे झुकला होता. ती मागतेय, उस्ताद. आणि तुम्ही काढून घ्या म्हणताय."

"तुझा बाप रांगत होता तेव्हापासून मी इंजिनं ऐकतोय."

"माझ्या बापाची ऐकली असतील. ही माझी आहे. हिला चढावर मी बंद केलंय. लोकांचं 'कासव, कासव' ऐकून घेतलंय. तुम्ही खाटेवर होतात."

कोंबड्यासुद्धा दाणे टिपायच्या थांबल्या.

"बारीक घाल," उस्ताद म्हणाले.

"नाही."

"मी सांगतोय."

"ऐकलं. नाही घालणार."

"सगळा गाव माझं ऐकतो."

"गावाला ऐकू दे. मी एक मोठं घालतो."

आणि त्याने तिथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत, मांडी घालून कार्बोरेटर उघडला. पेट्रोल मातीत सांडलं. घाईत एक स्क्रू निसटला आणि घरंगळत खाटेखाली गेला. विनेश चाचपडायला लागला. मातीत काही सापडेना.

उस्तादांनी पाय उचलला.

स्क्रू पायाखाली होता.

विनेशने तो घेतला. वर बघितलं नाही.

"हरलास तर?" उस्तादांनी विचारलं.

"तर माझ्या हाताने हरलो."

*

दुपारी वाळू इतकी तापली होती की खेकडे सावली शोधत चपलांखाली येत होते.

शिट्टी झाली. धुरळा उठला.

सुहास पुढे. नेहमीसारखा पुढे. पायथा पुढे, मध्य पुढे. त्याची गाडी हलकी, कुरकुरीत पळत होती. मागून विनेशची जड आवाजाची, पाठीमागे काळसर धुराची रेघ सोडत.

"जास्त झालं याचं पेट्रोल," खाली कोणीतरी म्हणालं.

वरचं वळण आलं. वाळू पिठासारखी. चाकं रुतायला लागली. दोघांचे अंगठे पुरते दाबलेले.

तिथे सुहासच्या गाडीने पहिला उसासा सोडला.

मग दुसरा. मग दम तुटला, जुळला, पुन्हा तुटला. सायलेन्सरमधून एक फटाका उडाला आणि गावातलं एक कुत्रं उठून खाटेखाली गेलं.

विनेशची गाडी त्याच्या शेजारून गेली. घाई नाही, खोकला नाही. पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखी.

माथ्यावर पोचल्यावरही ती थांबेना. पलीकडच्या उताराने थेट समुद्र ओलांडून मस्कतला गेली असती. सुरूचं एक झाड आडवं आलं म्हणून कोंडशेतची गाडी कोंडशेतला राहिली.

खाली सुहास गाडीवरून उतरला होता. हेल्मेट हातात, केस घामाने चिकटलेले. तो जो दिसेल त्याला एकच सांगत होता.

"उस्तादांनी सांगितलं तेच केलं. अरे, सांगितलं तेच केलं मी."

*

विनेश अंगणात आला तेव्हा कपाळावर गुलाल होता आणि सुरूच्या काड्या केसांत. उरलेल्या केसांत.

उस्ताद खाटेवर होते. विनेश समोर उभा राहिला. बसला नाही.

"चुकलात, उस्ताद. तुम्ही सांगितलेलं घातलं असतं, तर मी त्याच वळणावर रुतलो असतो. सुहास रडतोय तिकडे. तुमचं ऐकून हरला तो. एवढी वर्षं तुमचंच ऐकत आला."

"हं."

"मला खरं सांगा. मुद्दाम चुकीचं सांगितलंत की खरंच चुकलात?"

उस्तादांनी समुद्राकडे कान लावला. एक होडी येत होती. ती कोणाची, हे त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही.

"कबूल तरी करा!" विनेश ओरडला. "निदान एकदा तोंडाने म्हणा."

"चुकलो," उस्ताद म्हणाले.

विनेश याची तयारी करून आला नव्हता. भांडायला आणलेलं सगळं त्याच्या तोंडातच राहिलं. तो आधी टेकला, मग खाटेच्या कडेवर बसला. पहिल्यांदाच.

"मग आता मी काय करू?"

"उद्यापासून पायऱ्यांशी उभा राहा. मुलं येतील तुझ्याकडे. उस्ताद, उस्ताद करत, मान वाकवून…"

होडी किनाऱ्याला लागली होती.

"तेव्हा त्यांच्यासमोर असं चुकून दाखव."